प्रीमियर पद्मिनी गाडीची पेट्रोल नळी बदलताना

पेट्रोलचा वास येतोय म्हणालास, तर आधी गाडी गॅरेजबाहेर मोकळ्यावर काढ, तीही ढकलत. इंजिन गार हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली हवी आणि अग्निशामक हाताशी हवा. उजेडासाठी वायरचा बल्ब नको, बॅटरीवरचा टॉर्च घे.

नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून ठेवू नकोस. माझ्या पद्मिनीची वरून झकास होती; उभी चिरली तर आतलं रबर बोटाला काजळीसारखं लागलं. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जमणारा काळा चुरा कुठून येत होता ते तेव्हा कळलं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही. दुकानात 'पेट्रोल पाईप द्या' एवढंच म्हणालास तर काहीही हातात ठेवतील. नळीवर 'एसएई जे३०आर९' (SAE J30R9, इंधनाच्या नळीच्या दर्जाची खूण) छापलंय का बघ, आणि मापाला जुना तुकडा सोबत ने.

जुनी नळी ओढून काढायची नाही. पंपाचं किंवा कार्ब्युरेटरचं तोंड हललं तर खर्च वाढला. कटरने उभी चीर दे, सोलून काढ. टाकीकडची नळी निघाली की पेट्रोल वाहू लागतं, म्हणून टाकी आधीच रिकामी कर. खालची लोखंडी लाईन गंजली असेल तर तांब्याची टाकू नकोस, मेकॅनिक कितीही म्हणो. हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.

क्लिप आवळताना रबर फुगून बाहेर आलं तर जास्त झालं. इंजिन चालू करून प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ.