स्वाध्यायपत्रिका मोफत वाटायच्या आहेत, पण क्लासवाल्यांनी विकू नयेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा कोणता परवाना घ्यावा?

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) म्हणजे आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे तयार परवाने. मी माझ्या पत्रिकांना त्यातला सीसी बाय-एसए लावतो, तुम्हालाही तोच सुचवेन. 'बाय' म्हणजे वापरा, बदला, छापा, पण माझं नाव द्या. 'एसए' म्हणजे बदल करून पुढे दिलंत तर याच अटींवर द्या. विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्यावर असतो.

तुमचा प्रश्न वाचून वाटतं, ओढा 'एनसी'कडे आहे, म्हणजे व्यापारी वापराला बंदी. पण व्यापारी वापर सुरू कुठे होतो, यावरच भांडणं होतात. अमेरिकेत ग्रेट माइंड्स या संस्थेने गणिताचं साहित्य एनसी परवान्यावर दिलं. फेडेक्सच्या झेरॉक्स-छपाईच्या दुकानांनी शाळांना पैसे घेऊन त्याच्या प्रती काढून दिल्या, म्हणून संस्थेने फेडेक्सला कोर्टात खेचलं. २०१८ मध्ये अपील कोर्टाने फेडेक्सच्या बाजूने निकाल दिला: वापर शाळेचा, दुकानदार फक्त तिच्यासाठी प्रती काढतो. आपल्याकडच्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण झेरॉक्सवाल्यापर्यंत भांडण जाऊ शकतं हे दिसलं. बाय-एसएमध्ये क्लासवाला विकू शकतो, हे खरं. पण त्याला तुमचं नाव आणि परवाना छापावा लागतो, आणि विकत घेणारा पालक तेच पुढे फुकट वाटू शकतो. अशा मालावर धंदा करणारे फार नसतात!

'एनडी' मात्र घेऊच नका. त्यात बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच. मेळघाटातल्या एखाद्या बाईंनी तुमची पत्रिका कोरकूत केली, तर तुम्हाला विचारल्याशिवाय ती शेजारच्या शाळेला देता येणार नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी इतक्या भाषांत जातात, कारण तिथे सीसी बाय ४.० (४.० ही परवान्याची आवृत्ती) आहे.

चित्रांचं बघा. बालभारतीची पीडीएफ फुकट उतरवता येते, म्हणून ती खुली होत नाही. त्यातल्या चित्रावर तुम्ही स्वतःचा परवाना लावू शकत नाही. स्वतः काढा, किंवा विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साठ्यातून घ्या आणि खाली चित्रकाराचं नाव, दुवा, परवाना लिहा.

पत्रिका नोकरीचं काम म्हणून केल्या असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार हक्क संस्थेचा असू शकतो. आधी लेखी विचारून घ्या. कारण दिलेला परवाना मागे घेता येत नाही. मग प्रत्येक पानाच्या तळाशी तुमचं नाव, वर्ष, 'सीसी बाय-एसए ४.०' आणि परवान्याचा दुवा टाका. फक्त पहिल्या पानावर नको, पानं सुटी फिरतात.