चर्चला न जाता तारण होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं आहे, कोल्हापुरातल्याच एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव आहे, पण तिथल्या गटबाजीला कंटाळून दोन वर्षं उपासनेला गेला नाहीत. घरी शास्त्र वाचता, प्रार्थना करता, रविवारी मोबाइलवर संदेश ऐकता. आई म्हणते, "मंडळी सोडलीस, तारण गेलं." हे खरं का?

सलाम. तुमचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे यावर तारण, म्हणजे पापातून सुटका, ठरत नाही. ते ख्रिस्तानं केलेल्या कामावर उभं आहे आणि विश्वासानं हाती येतं. इफिसकरांस पत्रात (२:८-९) प्रेषित पौल हेच सांगतो : कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मानं नव्हे. रविवारची हजेरी हेही एक कर्मच. पण म्हणून आईचं बोलणं उडवून लावू नका. प्रेषितांच्या कृत्यांत (२:४७) वाक्य कसं आहे बघा : ज्यांचं तारण होत होतं त्यांची प्रभू स्वतः रोज मंडळीत भर घालत होता. तारण करणारा आणि मंडळीत आणून बसवणारा एकच आहे. दुसरं काम पहिल्याची अट नाही, पण पहिल्यापासून ते तोडताही येत नाही.

"वधस्तंभावरचा चोर कुठल्या चर्चचा सभासद होता?" असं लोक हमखास विचारतात. बरोबर आहे, कुठल्याच नव्हे. त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता, तरी त्याला त्याच दिवशी सुखलोक मिळाला (लूक २३:४३). पण त्याच्यापाशी काही तासच होते आणि हातपाय खिळलेले होते. ज्याला जमणारच नव्हतं त्याचं उदाहरण, ज्याला जमतं पण नकोसं वाटतं त्यानं घेऊ नये. मार्क १६:१६ मध्येही हाच तोल आहे. तारण विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं होईल असं म्हटलंय, पण शिक्षा सांगितलीय ती फक्त विश्वास न धरणाऱ्याला. तिथं बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही.

आता 'मंडळी' हा शब्द. आपण बोलताना 'चर्चला जातो' म्हणतो आणि डोळ्यांपुढे इमारत येते. मराठी शास्त्रात मात्र एक्लेसिया या ग्रीक शब्दासाठी 'मंडळी' आहे. घरची मंडळी, "या मंडळी, बसा", त्यातलाच हा शब्द. इमारतीला कुणी मंडळी म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे. तिला ना घुमट होता, ना घंटा. आईचं वाक्य 'वास्तू सोडलीस' असं ऐकलं तर चुकीचं वाटतं, 'घरची माणसं सोडलीस' असं ऐकलं तर वेगळंच काळजाला लागतं.

'मंडळीबाहेर तारण नाही' हे वाक्य आलं कुठून, तेही माहीत असावं, कारण ते पुष्कळदा धाक दाखवायला वापरलं जातं. ते कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचं. इसवी सन २५६च्या सुमाराचा एक वाद होता : पाखंडी गटात बाप्तिस्मा झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? सिप्रियन म्हणाले, द्यायचा. कारण बाहेर तारणच नाही, मग बाप्तिस्मा कुठला? रोमचे बिशप स्टीफन म्हणाले, द्यायची गरज नाही. पश्चिमेकडच्या मंडळीनं पुढं स्टीफन यांची बाजू धरली. म्हणजे वाक्य टिकलं, पण ज्या निष्कर्षासाठी ते लिहिलं तो टिकला नाही. शिवाय ते फूट पाडणाऱ्यांना उद्देशून होतं, घरी बसलेल्या दुखावलेल्या माणसाला नव्हे.

कोल्हापूरच्या बहुतेक जुन्या ख्रिस्ती घरांचा वारसा प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांकडून चालणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेचा, आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले, त्यांच्या कामातून तो आला. त्या परंपरेचा विश्वासाचा कबुलीजबाब, म्हणजे आपण काय मानतो याचं लेखी निवेदन, हा १६४६चा वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब. त्याच्या २५व्या अध्यायात म्हटलंय की दृश्य मंडळीबाहेर तारणाची 'सामान्य' शक्यता नाही. सगळं त्या 'सामान्य' शब्दात आहे. देवानं नेहमीची वाट मंडळीतून घातली आहे : वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस एकत्र घेणं), शिस्त. त्या वाटेबाहेर देव कुणाला तारूच शकत नाही, असं तो म्हणत नाही. उलट २८व्या अध्यायात स्पष्ट आहे की बाप्तिस्मा तुच्छ मानणं मोठं पाप असलं तरी त्याच्याशिवाय कुणाचं तारण होऊच शकत नाही, इतकी ती दोन्ही जखडलेली नाहीत. कॅथलिक मंडळीची मांडणी निराळी, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ साली असाच भेद केला : मंडळी आवश्यक आहे हे जाणूनही जो तिच्यात येत नाही किंवा राहत नाही त्याचं तारण होणार नाही, ज्याला आपल्या दोषाविना ते कळलंच नाही त्याची गोष्ट वेगळी. बोस्टनचे फादर फीनी "कॅथलिक नसलेला कुणीच तरणार नाही" असं कडवेपणानं शिकवत राहिले. रोमनं १९४९ साली लेखी समज दिली, बोलावूनही ते गेले नाहीत, आणि १९५३ साली त्यांनाच बहिष्कृत केलं. तेव्हा "आमच्याच पंथात तारण" असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा.

तुम्ही तारण एकदा मिळालेल्या पावतीसारखं धरलंय, असं प्रश्नावरून वाटतं. शास्त्रात ते तीन काळांत येतं. झालं आहे (इफिस २:८), होत आहे (१ करिंथ १:१८), होईल (रोम ५:९). 'झालं आहे' यात मंडळीचा हात नाही. 'होत आहे' यात मात्र ती पदोपदी लागते. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा, एकमेकांना बोध करा. या आज्ञा एकट्या माणसाला पाळताच येत नाहीत. क्षमा करायला आधी कुणी जवळचा दुखावणारा लागतो. कोल्हापूरकराला हे तालमीवरून लगेच कळेल. जोर-बैठका घरी मारता येतात, खुराकही घरी होतो, पण लाल मातीत उतरून जोड धरल्याशिवाय कुस्ती येत नाही, आणि आपली मांड कुठं ढिली पडते हे वस्तादालाच दिसतं. इथं फरक एवढाच की पैलवान कष्टानं गदा मिळवतो. तुमचा निकाल ख्रिस्तानं आधीच लावलेला आहे, तुम्ही तालमीत जाता ते त्याच्यासारखं घडायला.

बाप्तिस्म्याचंच घ्या. तो स्वतःला देता येत नाही. पाणी दुसऱ्याच्या हातून डोक्यावर येतं आणि साक्षीला माणसं उभी असतात. इंग्लंडमधून ॲमस्टरडॅमला गेलेल्या जॉन स्मिथ यांनी १६०९ साली, खरी मंडळी कुठंच उरली नाही असं ठरवून, स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा केला. थोड्याच काळात त्यांना ती चूक वाटली. प्रभुभोजनाचंही तसंच. ट्रेमधले चिमुकले पेले एकामागून एक पुढं सरकतात, शेजारचा आपल्या हातात ट्रे देतो, कधी तो शेजारी नेमका तोच असतो ज्याच्याशी गेल्या महिन्यात खटका उडाला. 'भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर' (१ करिंथ १०:१७) हे त्या ट्रेपाशी अंगावर येतं. मोबाइलवर संदेश मिळतो, चांगला मिळतो, आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर तो आशीर्वादच आहे. पण पडद्यावरच्या पाळकाला तुम्ही गैरहजर आहात हे कळत नाही.

भांडणांबद्दल. करिंथची मंडळी आठवा. "मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा" असे गट, एकमेकांवर कोर्टात खटले, प्रभुभोजनाला कुणी उपाशी तर कुणी नशेत. पौल त्यांना तोंडावर सांगतो की तुमच्या जमण्यानं भलं होण्याऐवजी वाईटच होतंय (१ करिंथ ११:१७). तरी घरी बसा असं तो म्हणत नाही. एकमेकांसाठी थांबा, म्हणतो. आणि पत्राच्या पहिल्याच ओळींत त्या लोकांना 'देवाची मंडळी' म्हणतो. एकत्र मिळणं सोडू नका हे इब्रीकरांस पत्रातलं वाक्य (१०:२५) हजेरीबुकासाठी लिहिलेलं नाही. ज्यांची मालमत्ता लुटली गेली, ज्यांनी सोबत्यांची तुरुंगवारी पाहिली, त्यांना एकेकटं पडून मोडू नये म्हणून लिहिलंय.

आता करायचं काय ते. आधी स्वतःशी ठरवा, तुम्ही 'जाऊ शकत नाही' की 'जायला नको वाटतं'. वादासाठी मत्तय १८:१५-१७ मधला क्रम आहे : आधी एकट्यानं भेटणं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढं. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. पहिली पायरीच व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतली जाते आणि मग परत फिरायला जागा उरत नाही. दोन वर्षं झाली असली तरी ज्याच्याशी बिनसलं त्याला एकदा एकट्यानं भेटा. मात्र मारहाण, लैंगिक छळ, मुलांना त्रास असं काही असेल तर हा क्रम लावायचा नाही. तिथं पोलीस. मुलांच्या लैंगिक छळाबाबत तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं खबर देणं बंधनकारकच आहे. आणि अशा ठिकाणाहून निघून जाणं म्हणजे मंडळी सोडणं नव्हे.

भेटूनही जमलं नाही, तर दुसरी मंडळी शोधा. ते पाप नाही. चार गोष्टी बघा : वचन उघडून समजावतात का, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन नीट चालतं का, वर्गणी-दानाचा हिशेब सभेपुढं ठेवतात का, आणि पाळक चुकले तर त्यांना सांगणारं कुणी आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर बाकी तिन्हींवर फार भरवसा ठेवू नका. एका रविवारावरून मत बनवू नका, सहा-आठ रविवार जा, एखाद्या घरगुती प्रार्थनेलाही बसा. "आधी पुन्हा बाप्तिस्मा घ्या" असं म्हणाले तर विचारा, का? पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं पाण्यानं झालेला बाप्तिस्मा बहुतेक मंडळ्या मान्य करतात. बालपणीचा बाप्तिस्मा न मानणारे पंथ आहेत, त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. पण पहिला बाप्तिस्मा नाकारण्याची सही घाईनं करू नका.

रागाच्या भरात राजीनामाही देऊ नका. आधी बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या दाखल्यांच्या प्रती काढून घ्या, मग नव्या मंडळीच्या नावे बदली-पत्र मागा. लग्न किंवा दफनाच्या वेळी हेच कागद विचारले जातात, आणि नाव ना इथं ना तिथं अशी माणसं नेमकी दुःखाच्या दिवशी अडकतात. हे कागद व्यवहाराला लागतात, तारणाला नाही. दोन्हींची गल्लत झाली की कागद धाकाचं हत्यार बनतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण 'चर्च नको' म्हणणारे हटकून देतात. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पण नीट बघा, संस्थेचं ओझं उतरवल्यावरही ते एकटे बसले नाहीत. पहिलं काम केलं ते माणसं जमवण्याचं.

मनाजोगती मंडळी सापडेपर्यंत रविवार रिकामा ठेवू नका. ओळखीच्या दोन-तीन विश्वासणाऱ्यांना आठवड्यातून एकदा घरी बोलवा : एक उतारा, एक गीत, एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना, तासाभरात संपेल इतकंच. त्यात एक जण तरी असा असू द्या जो तुमच्या मंडळीतल्या वादात तुमच्या बाजूचा नव्हता. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी आईला एकटं पाठवू नका, तिच्या शेजारी जाऊन बसा. ट्रे तुमच्यापर्यंत येईल तेव्हा घ्यायचा की नाही हे तिथं बसून, स्वतःची परीक्षा करून ठरवा.