हीट पंप घेण्याआधी

नव्या घरासाठी हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणून घर तापवणारं विजेचं यंत्र) कुठल्या कंपनीचा घेऊ, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी घराचा हीट लॉस, म्हणजे घरातून बाहेर निसटणारी उष्णता, खोलीवार काढून घे. भिंती, खिडक्या, फटींतून जाणारी हवा, सगळं धरून, बाहेर उणे दोन-तीन अंश असतानाचा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या आमच्या घरासाठी एका ठेकेदाराने नुसतं क्षेत्रफळ विचारून १२ किलोवॅटचा पंप सुचवला होता. नीट हिशेब केला तर गरज निघाली ६ची! गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, वीज खातो आणि लवकर झिजतो.

तुझ्या घराच्या जमिनीचं काँक्रीट अजून ओतायचं आहे ना? मग तू नशीबवान. तळमजल्यावर अंडरफ्लोअर हीटिंगच (फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवणं) घाल, नळ्यांमधलं अंतर १५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी. ३५ अंशांच्या पाण्यावर घर उबदार राहिलं, तर एका युनिट विजेत साधारण साडेतीन-चार युनिट उष्णता मिळते. तेच पाणी ५५ला न्यावं लागलं की हे गणित कोलमडतं.

ग्राउंड सोर्स, म्हणजे जमिनीतली उष्णता ओढणारा पंप? बोअर पाडायचा खर्च ऐकून मी तरी नाद सोडला.

इंग्लंडमध्ये स्वतः बांधलेल्या घरालाही ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान मिळू शकतं, पण पंप बसवणारा एमसीएस (अशी यंत्रणा बसवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी ब्रिटिश योजना) प्रमाणित हवा. आणि हो, गरम पाण्याच्या टाकीसाठी नकाशातच कपाटाएवढी जागा राख. आम्ही विसरलो, आणि देवघराच्या कोपऱ्यावर गदा आली. बायको अजून बोलून दाखवते.