हप्ते थकलेत : फ्लॅट आता विकू, की डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊन वेळ काढू?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वाकडला टू बीएचके. कर्ज ३४ लाख शिल्लक, व्याज ८.७५ टक्के, हप्ता ३३,४०० रुपये. एप्रिलमध्ये नोकरी गेली. ५ जून आणि ५ जुलैचे हप्ते बाउन्स झाले, ऑगस्टचाही होणार. पत्नीच्या पगारात घरखर्च भागतो, हप्ता नाही. एजंटच्या मते फ्लॅटचे ५८ लाख येतील. ओळखीचे एक गृहस्थ मात्र म्हणतात, "डीआरटीत अर्ज टाका, दोन वर्षं कोणी हात लावत नाही."

नमस्कार. त्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. घर महिनाभरात जात नाही हे बरोबर. पण ३४ लाखांवर महिन्याला जवळपास २५ हजार व्याज चढत राहतं. दोन वर्षांचे सहा लाख, वर दंड आणि वकिलाची फी. ५८ मधून ३४ वजा करून तुमचे जे २४ लाख उरतात, त्यातूनच हे सगळं जाणार.

आता कॅलेंडर काढा. ५ जूनपासून ९० दिवस म्हणजे ३ सप्टेंबर. तोवर जूनची थकबाकी भरली नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज. त्याआधी फक्त जूनचा हप्ता भरलात, तरी ही तारीख ३ ऑक्टोबरवर जाते, कारण दिवस सर्वांत जुन्या थकबाकीपासून मोजतात. भरलेली रक्कम नेमकी कुठे जमा झाली, हे बँकेकडून लेखी घ्या. एकदा एनपीए झाल्यावर ही सोय संपते. सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही.

त्यानंतर सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा), कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत पूर्ण कर्ज भरा. तुम्ही हरकत लिहून दिलीत, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस उलटले की ताब्याची नोटीस दारावर डकवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात. ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली, की तुमच्याकडे येणारा गिऱ्हाईक पहिलं वाक्य किंमत पाडण्याचंच बोलतो. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मग लिलावाची ३० दिवसांची सूचना. ती प्रसिद्ध होईपर्यंतच सगळे पैसे भरून घर सोडवता येतं.

लिलावात भाव पडतो तो का? फ्लॅट 'जसे आहे जेथे आहे', म्हणजे असलेल्या दोषांसकट विकतात. बोली जिंकणाऱ्याला २५ टक्के लगेच आणि उरलेले एरवी १५ दिवसांत भरायचे असतात. इतक्या घाईत गृहकर्ज मंजूर करून घेणं कठीण, म्हणून साधं कुटुंब बोलीला फिरकतच नाही. कर्ज फिटून उरलेली रक्कम तुम्हालाच परत मिळते, हे खरं. पण उरायला हवी ना!

डीआरटीचं म्हणाल, तर तिथे बँकेने कायद्याची पायरी चुकवली का, एवढंच पाहतात. नोकरी गेली हे कारण चालत नाही. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करता येतो, पण नुसत्या अर्जाने स्थगिती लागत नाही. नोटिशीत खरोखर चूक असेल तर जरूर जा.

माझं मत: विका, आणि स्वतः विका. याच आठवड्यात शाखेत जाऊन फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल, ते सांगणारं पत्र) आणि बँकेकडच्या कागदपत्रांची यादी मागा. गिऱ्हाइकाला कर्ज लपवू नका. त्याची बँक तुमच्या कर्जखात्यात थेट पैसे भरते, असे व्यवहार रोज होतात. ५८ ला अडून बसू नका, ५५ आले तरी द्या. नोटीस आल्यावर विकायला बँकेची लेखी संमती लागेल, म्हणून घाई. मधला एखादा हप्ता सोनं गहाण ठेवून भरा. पर्सनल लोन मात्र नको.

तीन महिन्यांत रुजू होण्याचं ऑफर लेटर हातात असेल, तर माझं उत्तर बदलेल. मग बँकेकडे हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, पण तेही ३ सप्टेंबरच्या आत. ऑफर असेल तर कळवा.