बाबांच्या हेल्मेटचं काय करू?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमच्या बाबांनी ३१ वर्षं खाणीवर काढली, आधी हेल्पर, मग शॉवेल ऑपरेटर. मागच्या वर्षी ते गेले. त्यांचं हेल्मेट, गमबूट, शिफ्टचा डबा, हजेरीचं कार्ड घरात तसंच आहे. युरोपात कोळशाच्या बंद खाणींची म्युझियमं केलीत ते टीव्हीवर बघितलं आणि मी गावात सुचवलं की एका जुन्या खोलीत आपल्या खाणकामगारांच्या वस्तू मांडूया. तर भांडणच झालं. काहीजण म्हणाले, जिनं आमची शेतं गाडली तिची कसली आरती ओवाळायची? वाईट वाटलं, पण त्यांचं चुकतंय असंही वाटेना. काय करू?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर: भाऊ, पहिलं सांगते, त्यातली एकही वस्तू टाकू नका.

मी पण खाणपट्ट्यातलीच, माहेर सांगे तालुक्यातलं. एका पावसात वरच्या डंपाची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याची, माती आमच्या मळ्यात उतरली आणि नुकतंच लावलेलं भात तांबड्या चिखलाखाली गेलं, आई मेरेवर वाकून हातानं चाचपत एकेक रोप वर काढत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे. आणि त्याच घरात काकांचा टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, होता, त्याच्या भाड्यावर आम्हा भावंडांची कॉलेजची फी भरली गेली. दोन्ही खरं. त्यामुळे तुमच्या गावातले दोन्ही गट मला माझ्याच घरातले वाटतात.

तुम्ही कोळशाच्या खाणींचं म्हणालात ते बरं झालं. वेल्समधली बिग पिट ही खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ मध्ये लोकांना बघायला उघडली. तिथे जमिनीखाली ९० मीटर घेऊन जाणारे गाईड पूर्वीचे खाणकामगार, म्हणजे सांगणारा माणूस तिथेच राबलेला. इंग्लंडमध्ये डरहॅमला १८७१ पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो, प्रत्येक खाणीच्या युनियनचा मोठा बॅनर बँडच्या तालावर मिरवत नेतात, आणि ज्या खाणीत त्या वर्षी कोणी मेलं असेल तिच्या बॅनरला काळं कापड गुंडाळायची पद्धत. खाणी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी मेळावा चालूच आहे. मला हे काळं कापड फार मोलाचं वाटतं, दुःख घरी ठेवून या असं तिथे कोणी कोणाला सांगत नाही. तुमच्या खोलीतही गाडलेल्या शेताला हेल्मेटच्या शेजारीच जागा द्या, कोपऱ्यात नको.

आपल्याकडे कोळसा नाही, लोहखनिज. बोगद्यात उतरायचं नाही, उघड्यावर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत जायचं, म्हणून आपली कथा जमिनीखाली कमी आणि रस्त्यावर, नदीवर जास्त आहे. पोर्तुगीज राजवटीतच परवाने दिलेले, १९५० च्या दशकात माल जपानच्या पोलाद कारखान्यांकडे जायला लागला. तेव्हा मशिनं कमी, खनिज फोडायचं, निवडायचं, पाट्यांनी डोक्यावरून वाहायचं आणि त्यात बायका किती होत्या! त्यांचे फोटो शोधा, हेल्मेटच्या आधी पाटी मांडा. मग बार्जवाले, म्हणजे खनिजाच्या सपाट बोटींवरचे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादला, समुद्र खवळला की मांडवी नदीतल्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत काढून मुरगाव बंदरात नेत, भरती ओहोटी बघून. ती वाट पाठ असलेले, बार्ज हाकणारे तांडेल आता म्हातारे झालेत, त्यांच्याकडे आधी जा.

आणि चीनची मागणी वाढली तो काळ लपवू नका. २०१०-११ ला गोव्यातून साडेपाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं, रस्त्यावर टिपरांची रांग संपायची नाही, घराच्या कौलांवर, तुळशीवर तांबडी धूळ, विहिरी आटल्या. मग २०१२ मध्ये सगळं थांबलं, पुढे थोडं चालू झालं आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं खाणींची ८८ लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केल्यावर परत बंद. ज्यांनी कर्ज काढून टिपर घेतले होते त्यांचे टिपर घरासमोर उभे राहून गंजले. आता लिलाव होऊन काही ठिकाणी काम सुरू झालंय, म्हणजे विषय संपलेला नाही, गावात भांडण होणारच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

कामाचं सांगते. खोलीचा ठराव नंतर बघू, या महिन्यात मोबाईल घेऊन पाच जणांकडे जा: एक ऑपरेटर, एक टिपरवाला, एक बार्जवरचा खलाशी, खनिज वाहिलेली एक आजी आणि ज्यानं तुम्हाला सभेत विरोध केला तो शेतकरी. त्याच्याकडे स्वतः जा, निरोप पाठवू नका. त्याला गाडलेल्या शेतांची नावं विचारा, प्रत्येक कुणग्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, नाव असतं आणि ती कागदावर सापडत नाहीत. ऑपरेटरला शिफ्ट विचारा, डब्यात काय असायचं ते विचारा, अपघातात कोण गेलं ते विचारा. कर्नाटक, आंध्रातून आलेले कामगार अजून गावात असतील तर त्यांच्या भाषेत बोलू द्या, मुलं मराठीत सांगतील. वस्तू घेताना घरच्यांकडून कोणाची, कुठल्या कामाची, किती वर्षं हे त्याच दिवशी लिहून घ्या, नंतर आठवत नाही.

बाबांच्या हजेरीच्या कार्डाचा आजच फोटो काढून ठेवा आणि कार्ड प्लास्टिकमध्ये न गुंडाळता कोऱ्या कागदात ठेवा, आपल्या पावसात प्लास्टिकच्या आत बुरशी येते.