पचनसंस्था की पचनतंत्र?

प्रश्न असा आला आहे: 'मराठी पाठ्यपुस्तकांत पचनसंस्था, श्वसनसंस्था असे शब्द आहेत, हिंदीत मात्र पाचन तंत्र, श्वसन तंत्र. संस्था म्हटले की सभासद, कार्यकारिणी, वार्षिक सभा डोळ्यांपुढे येते. शरीरातल्या अवयवांना संस्था म्हणणे बरोबर आहे का? तंत्र, यंत्रणा किंवा प्रणाली जास्त नेमके नाही का? स्वादुपिंडासारखा अवयव नक्की कोणत्या संस्थेत धरायचा? आणि स्नायूसंस्था लिहायचे की स्नायुसंस्था?'

आधी सरळ उत्तर देतो. पचनसंस्था हा शब्द योग्य आहे आणि तो बदलण्याचे काही कारण मला दिसत नाही. उलट, शरीराचे काम कसे चालते ते पाहिले की या चार शब्दांत तोच सर्वांत चपखल बसतो.

संस्था म्हणजे सम् + स्था: एकत्र असणे, नीट लावून ठेवलेले असणे. सभासद आणि कार्यकारिणी असलेली संस्था हा त्यातून निघालेला एक अर्थ झाला. कुटुंबसंस्था किंवा राज्यसंस्था म्हणताना कुणाच्या मनात कार्यालयाची पाटी येत नाही. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटकांची टिकाऊ मांडणी, एवढाच अर्थ तिथे असतो, आणि पचनसंस्थेत नेमका हाच अभिप्रेत आहे.

तंत्र हा शब्द तन् म्हणजे ताणणे, पसरणे या धातूचा. तंतूही त्याच घरातला. संस्कृतात तंत्र म्हणजे माग, मागावर ताणलेले धागे, आणि त्यावरून रचना, व्यवस्था. हिंदीने हा व्यवस्थेचा अर्थ जपला. मराठीत मात्र तंत्र म्हणजे मुख्यतः हातोटी, काम करण्याची रीत: लेखनतंत्र, तंत्रशुद्ध गायन. त्यामुळे 'श्वसनाचे तंत्र' म्हटले की मराठी माणसाला श्वास कसा घ्यावा ते शिकवणारा वर्ग आठवतो. नाक, श्वासनलिका आणि फुप्फुसे आठवत नाहीत. हिंदीतला शब्द चुकीचा नाही, पण आपल्याकडे ती जागा दुसऱ्या अर्थाने भरलेली आहे.

यंत्रणा हा शब्द मला वेगळ्या कामासाठी राखून ठेवावासा वाटतो. शरीराचे तापमान राखण्याची यंत्रणा, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा असे म्हणताना आपण अवयवांच्या समूहाबद्दल बोलत नसतो; एखादी गोष्ट कशी घडते त्याबद्दल बोलत असतो. अवयव ज्यात मोडतात ती संस्था आणि काम ज्या रीतीने पार पडते ती यंत्रणा, असा भेद पाळला तर लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची दोघांचीही सोय होते. प्रणालीचा मूळ अर्थ पाण्याचा पाट. आज विचारप्रणाली आणि संगणकप्रणाली यांत तो रुळला आहे, तिथेच राहू द्यावा.

आता स्वादुपिंडाचा प्रश्न. हा मला सर्वांत आवडला, कारण इथे शब्द आणि शरीर एकमेकांना भिडतात. आपल्या संस्थांची नावे दोन वेगळ्या रीतींनी पडली आहेत. पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, प्रजनन ही नावे कामावरून आली. अस्थी, स्नायू, चेता (म्हणजे मज्जातंतू) ही नावे घटकावरून. एकाच यादीत दोन निकष आले की सरमिसळ अटळ असते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल घ्या. ते स्नायूचे बनलेले आहे, चेतांकडून आलेल्या संदेशावर आकुंचन पावते आणि त्यामुळे छातीची पोकळी वाढून हवा आत येते. मग ते कोणत्या संस्थेचे? स्नायूंची, चेतांची आणि श्वसनाची, तिन्ही उत्तरे आपापल्या परीने खरी.

स्वादुपिंडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्यातल्या बहुतेक पेशी पाचकरस तयार करतात आणि तो नलिकेने लहान आतड्यात सोडतात. अधूनमधून विखुरलेले पेशींचे पुंजके मात्र इन्शुलिन थेट रक्तात सोडतात. हे पुंजके पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये प्रथम नोंदवले आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. म्हणजे एकाच अवयवाचा एक भाग पचनाचा आणि दुसरा अंतःस्रावी ग्रंथींचा.

पण आतड्यात अन्न आले हे स्वादुपिंडाला कळते कसे? विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत समज असा होता की हे सारे चेतांमार्फत चालते. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ते तपासायचे ठरवले. भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा काढून त्याच्याकडे जाणाऱ्या चेता त्यांनी तोडल्या. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. मग त्या तुकड्यात आम्ल सोडले. चेतांचा मार्ग बंद होता, तरी स्वादुपिंडातून रस झिरपू लागला. पुढची पायरी तर फारच सुंदर आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराचा थर खरवडून त्यांनी आम्लात घोटला, गाळला आणि तो अर्क शिरेतून दिला. पुन्हा रस आला. निरोप रक्तातून जात होता! त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या द्रव्यांसाठी 'हॉर्मोन' हे नाव वापरले. ते ज्या ग्रीक क्रियापदावरून घेतले त्याचा अर्थ चालना देणे, उद्दीपित करणे. आपला संप्रेरक हा शब्द त्याच अर्थाला धरून घडवलेला आहे, आणि परिभाषेतला इतका उत्तम उतरलेला शब्द क्वचितच सापडेल.

या एका घटनेत किती संस्था आल्या पाहा. जठरातून आम्लयुक्त अन्न आतड्यात उतरते, आतड्याचे अस्तर संप्रेरक सोडते, हृदय ते रक्ताबरोबर फिरवते, स्वादुपिंडाला ते पोचते, आणि तिथून आलेला अल्कधर्मी रस आम्ल शमवतो. आम्ल कमी झाले की संप्रेरकाचे स्रवणेही उतरते. पचनसंस्था एकटी पचन करत नाही. संस्थेचे नाव मुख्य काम सांगते, तिच्याभोवती कुंपण घालत नाही.

मूत्रपिंडाचेही तसेच. ते उत्सर्जन संस्थेत शिकवले जाते, म्हणून टाकाऊ ते बाहेर टाकणे एवढेच त्याचे काम अशी समजूत होते. हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्यातला पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक मूत्रपिंडांकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते ती साधारण १ ते २ लिटर. उरलेला बहुतेक सगळा द्रव शरीर परत घेते, म्हणजे टाकण्यापेक्षा राखणेच अधिक. शिवाय रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो आहे हे मूत्रपिंडालाही कळते. तेव्हा ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते, ते हाडांमधल्या मज्जेपर्यंत जाते आणि तिथे तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे ही भर सतत घालावी लागते. मूत्रपिंडे दीर्घकाळ बिघडली की हिमोग्लोबिन का घसरते, याचे मुख्य कारण हेच. हा संबंध 'उत्सर्जन' या नावातून कधीच कळला नसता, म्हणून तो मुद्दाम सांगितला.

मज्जेचा विषय निघालाच आहे तर एक खुलासा. मज्जा म्हणजे हाडांच्या आतला मऊ गर; संस्कृतातही तोच अर्थ. मराठीत मात्र मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था हे शब्द मेंदू आणि चेतांसाठी रूढ झाले. त्यामुळे अस्थिमज्जेचा आजार ऐकून तो मेंदूशी जोडणारे लोक भेटतात. पाठ्यपुस्तकांनी चेतासंस्था, चेतापेशी, मेरुरज्जू हे शब्द घेतले ते फार चांगले केले, आणि बातम्या लिहिणाऱ्यांनीही तेच वापरावेत असे मला कळकळीने वाटते.

स्नायू आणि पेशी यांचा गोंधळ याहून मोठा आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट धागे आणि पेशी म्हणजे मांसाचे गोळे, ज्यांना आपण आज स्नायू म्हणतो. मराठीने स्नायू हा शब्द मांसाला दिला आणि पेशी हा सजीवाच्या सूक्ष्म घटकाला. हिंदीत मांसाला मांसपेशी आणि सूक्ष्म घटकाला कोशिका म्हणतात. स्नायु हा शब्द हिंदीत आणि बंगालीत बहुधा चेतांसाठी येतो. परिणाम असा की हिंदीतले 'स्नायु तंत्र' मराठीत स्नायुसंस्था म्हणून उतरवले तर मेंदू आणि चेतांच्या जागी दंडाचे आणि मांडीचे स्नायू येतील. भाषांतर करणाऱ्यांनी इथे फार जपायला हवे. आरोग्यविषयक पत्रकात अशी चूक नुसती भाषेची राहत नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. स्नायू, अस्थी, ग्रंथी हे मुळात ऱ्हस्वान्त संस्कृत शब्द. मराठीत ते सुटे लिहिताना शेवटचे अक्षर दीर्घ होते. पण समासात पहिल्या पदी आले की मूळचे ऱ्हस्व रूप परत येते. कवी पण कविसंमेलन, अणू पण अणुशक्ती, तसेच स्नायू पण स्नायुसंस्था, अस्थी पण अस्थिसंस्था. म्हणून दीर्घ 'यू' घालून केलेले स्नायूसंस्था नियमात बसत नाही, जरी ते छापलेले बऱ्याचदा दिसते. आणि हे सामासिक शब्द असल्यामुळे पचनसंस्था, श्वसनसंस्था, चेतासंस्था हे जोडूनच लिहावेत. रक्ताभिसरणसंस्था किंवा उत्सर्जनसंस्था डोळ्यांना लांबलचक वाटते म्हणून पुष्कळजण तोडून लिहितात, मीही वर 'उत्सर्जन संस्था' तसेच लिहिले आहे. एवढ्या लांब शब्दांत वाचनाच्या सोयीसाठी ते चालवून घ्यावे. छोट्या शब्दांत मात्र तोडू नये.