देवमाशाचा जवळचा नातेवाईक कोण, सील की पाणघोडा?

पाणघोडा. सील दिसायला जवळचा वाटतो, पण तो कुत्र्या-अस्वलांच्या मांसभक्षक गटातला. देवमासा मात्र गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा यांच्या समखुरी (पायाला सम संख्येत खूर असलेल्या) गटात मोडतो. डीएनएवरून हे आधीच कळलं होतं, तरी हाडं अभ्यासणारे बरेच जण मानायला तयार नव्हते. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म जाहीर झाले आणि वाद बराचसा मिटला: त्यांच्या घोट्याच्या हाडाला वर-खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच आहे, जी समखुरी प्राण्यांचीच खूण. दुसरा पुरावा आपल्याकडचा, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत इंडोह्यस नावाचा समखुरी प्राणी निघाला: मांजराएवढा, काटकुळ्या पायांचा, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. साफ करताना कवटी चुकून फुटली (बरंच झालं म्हणायचं!) आणि कानाचं हाड उघडं पडलं, त्याची आतली भिंत थेट देवमाशासारखी जाड. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र पाणघोड्यापासून देवमासा झाला असं समजू नका. पाणघोड्याचं कूळ जीवाश्मांत बरंच नंतर दिसतं, दोघांचा पूर्वज एक, एवढंच. इंडोह्यसही पूर्वज नव्हे, चुलत शाखा.